आपल्या वाट्याची कर्जखते



देहूला इंद्रायणीच्या डोहाकाठी आपण उभे राहतो तेव्हा आपल्याला गाथा आठवते. तेरा दिवसांनी ती कोरडी वर आली, ही कथा लहानपणापासून आपण कीर्तनात ऐकलेली आहे. पण त्याच इंद्रायणीच्या पोटात तुकोबांनी त्याआधी आणखी काही कागद सोडले होते. ती होती कर्जखते. घरची महाजनकी होती, सावकारी होती, लोकांकडे पिढीजात येणे होते. दुष्काळ पडला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले, व्यापार बसला. डोंगरावरून परतल्यावर तुकोबांनी घरातली सारी खते नदीकाठी आणवली, त्यांचे दोन वाटे केले, एक वाटा धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, हाती दिला आणि आपला वाटा पाण्यात सोडला. चरित्रकार ही हकिकत अशीच सांगतात.

गाथा वर आली. कर्जखते वर आली नाहीत. इंद्रायणीने काय राखायचे आणि काय गिळायचे ते बरोबर ओळखले.

कीर्तनात हा प्रसंग आला की आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या आहेत. पण माउली, मला एक गोष्ट तुमच्यापुढे कबूल करायची आहे. मी वीसहून अधिक वर्षे एका पतसंस्थेत वसुलीचे काम केले. एकादशीला देहूला जायचे, खते बुडवल्याची कथा ऐकायची, डोळे पुसायचे आणि द्वादशीला मोटारसायकलवर बसून थकबाकीदारांची यादी खिशात घालून गावोगाव हिंडायचे, असे माझे आयुष्य गेले. या दोन दिवसांच्या मध्ये जी रात्र असते, त्या रात्रीचा हा लेख आहे.

एका दुष्काळी साली मी एका शेतकऱ्याच्या दारातून दुभती म्हैस सोडून आणली. म्हशीसाठीच कर्ज दिलेले होते, हप्ते थकले होते, नोटिसा झाल्या होत्या. कायद्याने सारे चोख होते. दुष्काळात गुरांना भाव नसतो, म्हणून म्हैस निम्म्या किमतीला गेली. कर्जातले थोडे फिटले, बरेच राहिले. म्हैस गेली तसे दूध गेले, दुधाबरोबर डेअरीचा दहा दिवसांचा पगार गेला आणि राहिलेले कर्ज फेडण्याची जी एक वाट त्या घराला होती तीही गेली. पुढे ते येणे बुडीत खात्यात टाकावे लागले. म्हणजे मी त्या घराचेही बुडवले आणि संस्थेचेही.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर हा लेख खोटा होईल. त्याच संस्थेत एका विधवा बाईने नवऱ्याच्या पश्चात मिळालेले पैसे ठेव म्हणून ठेवले होते. ती दर महिन्याला व्याज घ्यायला यायची, त्यावर तिची चूल चालायची. मी दयाळू होऊन सगळ्या थकबाकीदारांना माफी दिली असती, तर ती माझ्या पैशातून नव्हे, तिच्या पैशातून दिली असती. दुसऱ्याच्या पिशवीतून दान करणे सोपे असते.

मग प्रश्न असा की तुकोबांनी केले ते कोणी करावे, कधी करावे आणि ज्याला तसे करता येत नाही त्याने काय करावे?

हा प्रश्न केवळ आपल्या गावचा राहिलेला नाही. आज देशच्या देश कर्जदार म्हणून सावकाराच्या ओट्यावर बसलेले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेने २०२४ मध्ये मांडलेला एक आकडा मी वाचला आणि रात्रभर तो मनातून गेला नाही. सुमारे ३३० कोटी माणसे अशा देशांत राहतात, जिथले सरकार शिक्षणावर किंवा आरोग्यावर जेवढे खर्च करते त्याहून अधिक पैसा नुसत्या व्याजावर घालवते. नुसत्या व्याजावर, माउली. मुद्दल तिथेच उभे.

एवढ्या मोठ्या आकड्याचा विचार करता येत नाही. विचार एका घराचा करता येतो. म्हणून एक घर घेऊ. आफ्रिकेच्या दक्षिण भागात झांबिया नावाचा देश आहे. वस्ती साधारण दोन कोटी. चहूबाजूंनी जमीन, समुद्र कुठेच नाही. लोकांचे मुख्य अन्न मका. मक्याचे पीठ घट्ट शिजवून त्याचा गोळा करतात, त्याला न्शिमा म्हणतात, आणि आपण भाकरी मोडून कालवणाला लावतो तसा तो हाताने मोडून भाजीला लावून खातात. जमिनीखाली तांबे आहे, भरपूर आहे. देशाला परदेशातून मिळणाऱ्या पैशात साधारण सत्तर टक्के वाटा या एका तांब्याचा.

आता पाहा कसे होते. १९६४ साली हा देश स्वतंत्र झाला. तोपर्यंत खाणींचे स्वामित्वधन एका ब्रिटिश कंपनीकडे जात होते. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे तांब्याला भाव होता, शाळा झाल्या, दवाखाने झाले. मग १९७३ मध्ये तेल महागले आणि १९७५ च्या सुमारास तांब्याचा भाव कोसळला. तांबे झांबियाचे, पण त्याचा भाव ठरतो लंडनच्या धातुबाजारात. सरकारने विचार केला, भाव पुन्हा चढेल, तोवर उसनवारी करून भागवू. भाव वर्षानुवर्षे चढला नाही. कर्ज मात्र चढत गेले. नव्वदच्या दशकात अशी वेळ आली की सरकारी दवाखान्यातही पैसे मोजल्याशिवाय औषध मिळेना.

हे ऐकताना तुम्हाला काही ओळखीचे वाटले का? वाटायला हवे. आपल्याच मुलखात हे घडून गेले आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुणे-नगर भागातल्या कुणब्याला सावकार बोलावून बोलावून पैसे देऊ लागले. युद्ध थांबले, भाव पडला. त्यातच सरकारने जमीनसारा वाढवला. काल बोलावून देणारा सावकार आज दारात उभा राहिला. शेवटी १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी लोक उठले. त्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जखते बाहेर काढली आणि जाळली. माणसांवर फारसे हात टाकले नाहीत, राग कागदावर होता.

तुकोबांची पालखी वरवंडहून निघून रोटीचा घाट चढते आणि उंडवडीकडे जाते, तो हाच मुलूख. देहूच्या सावकाराने आपली खते आपल्या हाताने पाण्यात सोडली. तिथून काही मजलांवर, साधारण अडीचशे वर्षांनी, कुणब्यांना ती हिसकावून जाळावी लागली. पाण्यात सोडणे आणि आगीत टाकणे यांत जे अंतर आहे तेच धर्म आणि दंगा यांतले अंतर. पहिले झाले असते तर दुसऱ्याची वेळ आली नसती.

झांबियाकडे परत येऊ. १९९६ साली जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी अतिकर्जबाजारी गरीब देशांचे कर्ज हलके करण्याची योजना आखली. ती फार हळू चालली होती. तेव्हा जगभरच्या सामान्य माणसांनी, त्यांत चर्चला जाणारे भाविक पुष्कळ होते, रेटा लावला. त्यांच्या जुन्या धर्मग्रंथात दर पन्नासाव्या वर्षी सुटकेचे वर्ष पाळण्याची आज्ञा आहे, तिचा त्यांनी आधार घेतला. मे १९९८ मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरी श्रीमंत देशांचे प्रमुख जमले होते, त्या वेळी सुमारे ७० हजार लोकांनी हातात हात धरून शहराला साखळी घातली. माउली, ते रिंगणच म्हणायचे. फक्त मध्ये अश्व नव्हता, गरिबाची वही होती.

त्या रेट्याचे फळ झांबियाला २००५-०६ मध्ये मिळाले. सुमारे ७०० कोटी डॉलरचे परदेशी कर्ज १०० कोटींच्याही खाली आले. आणि एप्रिल २००६ मध्ये सरकारने पहिल्या काही कामांत एक काम केले. खेड्यापाड्यांतल्या सरकारी दवाखान्यांतली फी बंद केली. ज्या बाईने पैशावाचून तापाचे लेकरू घरीच ठेवले असते, ती आता त्याला कडेवर घेऊन दवाखान्यात जाऊ शकत होती. कर्जमाफी म्हणजे काय, याचे मला ठाऊक असलेले हे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

गोष्ट इथे संपली असती तर मी लेखणी खाली ठेवली असती. ती संपली नाही. २०१२ मध्ये तांब्याला भाव होता, आणि झांबियाने जगाच्या बाजारात रोखे विकून ७५ कोटी डॉलर उभे केले. व्याज साडेपाच टक्क्यांच्या आत. घेणाऱ्यांची झुंबड उडाली. २०१४ मध्ये आणखी १०० कोटी, २०१५ मध्ये १२५ कोटी, पण आता व्याज जवळपास नऊ टक्के. शिवाय रस्ते, विमानतळ, वीजप्रकल्प यांसाठी चीनच्या बँकांची कर्जे. भाव पुन्हा पडला, त्यांचे चलन घसरले, मग महामारी आली. नोव्हेंबर २०२० मध्ये सव्वाचार कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला आणि झांबिया पुन्हा थकबाकीदार ठरला.

इथे माझ्यातला वसुलीवाला उठून उभा राहतो आणि म्हणतो, बघा, सांगितले नव्हते? माफ केले की सवय लागते. घेतलेले फेडायचे असते, हाही धर्मच आहे. आपल्याकडे तर देवाचे, ऋषींचे, पितरांचे ऋण घेऊनच माणूस जन्माला येतो असे म्हणतात. ऋण नाकारणारा माणूस वारकरी कसा असेल?

हा पूर्वपक्ष मी हलका मानत नाही. राज्यकर्त्यांनी उधळले, काही कामे दिखाऊ केली, हेही खरे. पण वसुलीवाल्याला मी माझ्याच वहीतला एक प्रश्न विचारतो. पहिल्यांदा भाव पडल्यामुळे जो बुडाला, त्याला तुम्ही दुसऱ्यांदा कर्ज दिलेत ते कशाच्या भरवशावर? त्याच भावाच्या. बुडणाऱ्याची चूक एक असेल तर देणाऱ्याच्या दोन आहेत. नऊ टक्के व्याज कशाबद्दल घेतात? बुडण्याची धास्ती आहे म्हणून. धास्तीचे पैसे आधीच घेतले आणि बुडाल्यावर पुन्हा पूर्ण मुद्दलही मागितले, तर एकाच मालाचे दोनदा दाम घेतल्यासारखे झाले.

आता तुकोबांच्या त्या कृतीकडे नीट पाहू. मी तिच्यात तीन गोष्टी पाहतो.

पहिली, त्यांनी स्वतःचा वाटा बुडवला. कान्होबांचा नाही. कान्होबांना प्रपंच करायचा होता, तुकोबांनी त्यांच्या हातची खते हिसकावून पुण्य कमावले नाही. आणि आपल्या परंपरेने त्याबद्दल कान्होबांना बोल लावलेला नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजू आपण विसरतो. भाऊ आपली बुडवतो की नाही हे पाहण्यासाठी तुकोबा थांबलेही नाहीत. मी सोडले आणि त्याने वसूल केले तर माझ्या सोडलेल्या पैशातून त्याचे भले होईल, असा हिशेब त्यांनी मांडला नाही.

झांबियाच्या सावकारांनी नेमका तोच हिशेब मांडला. २०२१ च्या सुरुवातीला झांबियाने सवलतीसाठी अर्ज केला. सरकारी सावकार म्हणाले, आम्ही सोडलेला पैसा रोखेवाल्यांच्या खिशात जाता कामा नये. रोखेवाले म्हणाले, आम्हीच का जास्त सोडावे? जून २०२३ मध्ये सरकारी सावकारांशी ६३० कोटी डॉलरबद्दल समझोता झाला. रोखेवाल्यांशी ठरलेला करार त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारी सावकारांनी अडवला, तो जून २०२४ मध्ये कुठे पुरा झाला. हप्ता चुकल्यापासून साडेतीन वर्षे. प्रत्येक सावकाराची मागणी वेगळी काढून पाहिली तर न्यायाचीच दिसते. सगळ्या मिळून मात्र त्या मक्याचा घास खाणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवतात.

आणि याच्याही पलीकडचे एक उदाहरण आहे. १९७९ साली झांबियाने ट्रॅक्टर वगैरे शेतीच्या यंत्रांसाठी रुमानियाकडून उधारी घेतली होती. १९९९ मध्ये ते जुने येणे एका खाजगी कंपनीने सुमारे ३३ लाख डॉलरना विकत घेतले आणि झांबियावर साडेपाच कोटी डॉलरचा दावा लावला. २००७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने सुमारे दीड कोटी द्यायला लावले. याच सुमारास इतर सावकार माफी देत होते. म्हणजे एकाने पाण्यात सोडलेले खत दुसरा गळ टाकून काढत होता. पुढे २०१० मध्ये ब्रिटनने कायदाच करून गरीब देशांवरच्या अशा दाव्यांना आळा घातला.

दुसरी गोष्ट, तुकोबांनी स्वतः दुष्काळ सोसला होता. खतावरचा आकडा आणि तो लिहून देणाऱ्याच्या घरातली रिकामी कणगी या दोन्ही गोष्टी त्यांना एकदम दिसत होत्या. सुप्याच्या दंग्यानंतर १८७९ मध्ये इंग्रज सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात न्यायालयाला मुभा मिळाली की नुसते खत पाहून निकाल देऊ नये, खताच्या मागे जावे, मुळात किती दिले, व्याज किती चढवले ते तपासावे. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. तो कायदा सर्वगुणसंपन्न नव्हता. पण कागदाच्या मागे जाऊन माणूस पाहावा, एवढे त्याने मानले. देशांच्या कर्जासाठी मात्र आजही असे एखादे सर्वमान्य न्यायपीठ नाही. तिथे ज्याचा वकील भारी त्याचे खत खरे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. खते बुडवल्यावर तुकोबांनी पुन्हा सावकारी केली नाही. झांबियाची वही २००६ मध्ये कोरी झाली, पण देणे-घेणे पूर्वीच्याच रीतीने चालू राहिले. एका मालाच्या भावावर उभा असलेला देश, बरे दिवस असताना धावत येणारे पैसे आणि वाईट दिवसांत महागणारे व्याज. वही कोरी करून रीत तीच ठेवली, तर कोऱ्या पानावर तेच अक्षर पुन्हा उमटते.

आता आणखी एका वहीबद्दल सांगायचे आहे. ती कोणी लिहीतच नाही.

२९ फेब्रुवारी २०२४ रोजी झांबियाच्या राष्ट्रपतींनी दुष्काळाची राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. पेरलेल्या सुमारे २२ लाख हेक्टर मक्यापैकी १० लाख हेक्टर हातचा गेला. करिबाच्या मोठ्या धरणात पाणी उरले नाही. तिथली बहुतेक वीज पाण्यावर होते, त्यामुळे गावात भाकर नाही आणि शहरात दिवा नाही अशी गत झाली. रोखेवाल्यांशी करार पुरा व्हायच्या काही महिने आधीची ही गोष्ट. हा दुष्काळ मुख्यतः एल निनोने आणला, तो साराच कारखान्यांच्या धुराच्या माथी मारणे बरोबर नाही. पण जग तापत चालले आहे हे खरे, आणि ज्यांच्याजवळ धान्याचे कोठार नाही त्यांना त्याचा चटका आधी बसतो हेही खरे. जगातल्या दर सहा माणसांत एकाहून अधिक माणूस आफ्रिकेत राहतो. जगाच्या एकूण धुरात सबंध आफ्रिकेचा वाटा मात्र चार टक्क्यांच्या आसपास. ज्यांनी दीडशे वर्षे कोळसा जाळून घरे उबदार केली, त्यांच्या नावावर कोणत्या वहीत काही मांडले आहे? झांबियाचा एक हप्ता चुकला तर ती जगभर बातमी होते. हे दुसरे देणे दररोज चुकते, त्याची नोटीस कोणी काढत नाही.

१९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाने शाश्वत विकास या शब्दांचा अर्थ सांगितला. थोडक्यात तो असा की आजच्या माणसाची गरज भागावी, पण उद्याच्या माणसाची गरज भागवण्याची ताकद मारून नव्हे. आपल्या भाषेत सांगायचे तर बियाण्याचे धान्य दळू नये. कर्ज आणि धूर, दोन्हींचा दोष हाच आहे. खाणारा एक आणि ज्याच्या नावावर लिहिले जाते तो दुसरा. १९७९ च्या ट्रॅक्टरचा दावा जेव्हा निकाली निघाला, तेव्हा त्या ट्रॅक्टरनंतर जन्मलेली मुले आईबाप झालेली होती. जे खत त्यांनी लिहिले नाही, ज्यातला घास त्यांनी खाल्ला नाही, त्याचे व्याज त्यांच्या लेकरांच्या शाळेतून कापले जाते. हा कोणत्या धर्मात बसणारा न्याय आहे?

मग माझा सिद्धांत काय? मी पंडित नाही, वहीवरचा माणूस आहे. वहीच्या भाषेत सांगतो. ज्याचे स्वतःचे आहे त्याने सोडावे. ज्याच्या हाती दुसऱ्याचे आहे त्याने थांबावे.

श्रीमंत देशांचे सरकार, ज्याने त्या खाणींचे तांबे स्वस्तात नेले आणि धूरही केला, त्याने सोडावे. त्याची ती माफी नव्हे, उशिरा केलेली फेड आहे. आणि ज्या संस्थांमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनचा पैसा आहे, जसा आमच्या संस्थेत त्या विधवा बाईचा होता, त्यांना सोडण्याचा अधिकार नसेल, पण थांबण्याचा आहे. थांबण्याचेही दोन प्रकार आहेत. शेजारचा सावकार काय करतो म्हणून थांबणे, हा कलीचा प्रकार. कुळाचे शेत पुन्हा उगवेपर्यंत थांबणे, हा धर्म.

हे स्वप्न नाही, याची सुरुवात झाली आहे. आपल्याकडे पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की शेतसाऱ्यात सूट आणि वसुलीला स्थगिती मिळते. पूर्वी आपण तिला आणेवारी म्हणायचो. तशीच कलमे आता काही देशांच्या कर्जखतांत आधीच लिहिली जातात. आपत्ती आली तर हप्ता आपोआप पुढे ढकलायचा, कोणाच्या पाया पडायला जायचे नाही. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा या चिमुकल्या देशाला २०२४ च्या जुलैत चक्रीवादळाने झोडपले, तेव्हा त्याच्या रोख्यांत असे कलम होते. ते लागू झाले आणि हप्त्याचा पैसा घरे उभारायला मोकळा झाला. खत लिहितानाच दुष्काळाची आठवण ठेवली, तर ते जाळावेही लागत नाही आणि बुडवावेही लागत नाही.

तुम्ही म्हणाल, महाराज, आम्ही माळकरी माणसे, आम्हाला झांबियाचे काय? दोन गोष्टी सांगतो. एक, आपला देश आता नुसता कर्ज घेणारा राहिलेला नाही, देणाराही झाला आहे. २०२२ मध्ये श्रीलंका बुडाली तेव्हा भारताने मोठी मदत केली आणि पुढच्या वर्षी तिच्या सावकारांच्या समितीत जपान आणि फ्रान्स यांच्याबरोबर भारत अध्यक्षस्थानी बसला. म्हणजे तुमच्या-माझ्या नावाने कोणीतरी गादीवर बसून खते तपासतो आहे. त्या गादीवर देहूच्या सावकाराची आठवण असावी, हे आपण नाही म्हणायचे तर कोणी म्हणायचे?

दुसरी गोष्ट घरची. आपल्यातल्या पुष्कळांनी कोणाला हातउसने दिलेले असते. कोणी बचतगटात हप्ते गोळा करते, कोणी सोसायटीचा संचालक असतो, कोणाचे किराणा दुकान असते आणि त्यात उधारीची वही असते. वारीला निघण्याआधी आपण पडशी बांधतो, दिंडीची भिशी भरतो. त्या वेळी एकदा ही वहीही उघडून पाहावी. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा. याच्याकडून आज वसूल केले तर याच्या घरात पेरणीपुरते उरेल का? उरत असेल तर खुशाल मागावे, त्यात लाज नाही, फेडणाऱ्याचीही त्यात शान आहे. उरत नसेल तर, पैसा आपला असेल तर सोडावा आणि दुसऱ्याचा असेल तर थांबावे.

मी त्या म्हशीच्या वेळी हा प्रश्न विचारला नाही. संस्था माझी नव्हती, सोडणे माझ्या हाती नव्हते. पण दोन हंगाम थांबण्याची शिफारस मी करू शकत होतो, त्या कागदावर सही करायला माझा हात मोकळा होता. मी केली नाही, कारण महिनाअखेरीला वसुलीचा आकडा दाखवायचा होता. तो शेतकरी माणूस पुढे कित्येक वर्षे मला वारीत दिसायचा. माझ्या पाया पडायचा, मी त्याच्या पाया पडायचो, जसे आपण सगळेच पडतो. कपाळ मातीला लागले की ऋणको कोण आणि धनको कोण हे कळत नाही. उठल्यावर मात्र कळते.

यंदा पालखी रोटीचा घाट चढेल तेव्हा माझ्यासाठी एक करा. घाटमाथ्यावर श्वास घ्यायला थांबाल, तेव्हा मागे देहूकडे एकदा पाहा आणि सुप्याच्या दिशेने एकदा पाहा. एका ठिकाणी पाणी आहे, एका ठिकाणी राख. मग आपल्या वाट्याला आलेली खते कोणती आणि ती कुठे ठेवायची, ते ज्याचे त्याने ठरवावे.

पुंडलीक वरदे हरी विठ्ठल.